बाळंतिणीचं ताट आणि बाळाचं वजन: खान्देशातल्या आयांनो, जरा सांगा

बोरीकाठ | ११ एप्रिल, रात्री ११.४८

लेक आत्ताच झोपलीय. एका हातानं टाइप करतेय, चुका पोटात घाला.

पहिलं बाळंतपण, माहेरी, अमळनेर तालुक्यात. मुलगी दहा आठवड्यांची झाली. जन्माचं वजन २.९ किलो. पंधराव्या दिवशी २.९५, सहाव्या आठवड्याच्या लसीला ३.७. तिथवर सगळे खूश होते. परवा दहाव्या आठवड्याच्या लसीला नेलं तर काटा ४.१ वर थांबला. चार आठवड्यांत फक्त ४०० ग्रॅम. सिस्टरनी कार्डावर टिंब मारलं ते हिरव्या पट्ट्याच्या अगदी खालच्या काठावर. मग विचारलं, "आई काय खाते?"

उत्तर माझ्या आईनं दिलं, तेही अभिमानानं. सकाळी आळिवाचा लाडू आणि दूध. दुपारी बाजरीची भाकर, शेपू नाहीतर मेथीची भाजी, तीही बिनतिखटाची. चार वाजता खसखशीची खीर. रात्री पुन्हा भाकर, भाजी, वर तूप. डाळ नाही, कारण डाळीनं बाळाला वारा धरतो. दही-ताक नाही, भात नाही, फळ नाही, अंडं तर घरात येतच नाही. पाणी कोमट आणि मोजून, नाहीतर पोट सुटतं म्हणे. सव्वा महिना होऊन गेला तरी पथ्य सुरूच आहे. केळ्याचं नाव काढलं तर आजी म्हणते, "केयं खाशी तं लेकरूले सर्दी व्हई."

बाजेवर बसल्या बसल्या मला चुलीवरच्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचा वास येतो. घरचे सगळे ठेचा-भाकर खातात आणि माझ्या ताटात शेपू. दहा आठवडे शेपू. आता दुपट्यांनाही शेपूचा वास येतो असं वाटायला लागलंय.

जळगावहून सासूबाईंचा फोन आला, "दूध पातळ असेल, वरचं सुरू करा." ह्यांनी पावडरचा डबा आणून कपाटावर ठेवलाय, अजून फोडलेला नाही. मी पाजते दर तीन तासांनी, घड्याळ लावून, दहा मिनिटं या बाजूला, दहा त्या बाजूला. दुखतं खूप, पण ते सगळ्यांनाच दुखतं म्हणतात. रात्री आई बाळाला स्वतःजवळ घेते. उकाडा इतका आहे की दोन-चार चमचे पाणी पाजते, मग ती चार-पाच तास झोपते आणि तेवढीच मला झोप मिळते.

तर प्रश्न असा: मी काय खाल्लं म्हणजे दूध वाढेल आणि तिचं वजन भरेल? दूध खरंच पातळ असतं का?

केळीबागवाला | १२ एप्रिल, सकाळी ७.१०

बाकीचं जाणकार सांगतील, मी फक्त केळ्याची वकिली करतो. सर्दी विषाणूनं होते. आमच्या रावेर-सावद्याची केळी रेल्वेच्या वाघिणी भरून दिल्लीला जातात आणि तिथे ऐन थंडीत लोक खातात. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले. त्याच गावात, दारात पाच हजार खोडं उभी असताना, माझ्या बायकोला बाळंतपणात एक केळं मिळालं नाही. शेवटी मी बनियनमध्ये लपवून आणून दिली. आईला सालं सापडली. त्यावर जे रामायण झालं ते वेगळ्या धाग्यात लिहीन.

तापीमाय | १२ एप्रिल, सकाळी ९.३२

बोरीकाठ, पोरी, आईवर रागावू नकोस. ती तिच्या आईनं केलं तेच करतेय. माझी तीन बाळंतपणं बाजेवर झाली, खाली शेगडी, वर कानाला फडकं, आणि दुसरं तर ऐन मे महिन्यात. त्या धगीत मी घामानं भिजून जायचे आणि सासूबाई म्हणायच्या, अंग सुकतंय चांगलं! आज कुणी एप्रिलात शेगडी ठेवली तर मीच ती उचलून अंगणात नेऊन ठेवीन.

पण आळीव, डिंक, सुंठ, खारीक-खोबरं, बाळंतशोपा यांना नावं ठेवू नका कुणी. आमच्या काळी बाईला वर्षभरात मिळणारा एवढाच काय तो खुराक असायचा. एरवी ती सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलंसुरलं. बाळंतपणात निदान चाळीस दिवस तूप तिच्या ताटात पडायचं.

डाळीचं मात्र मला पटतं. मी तुरीचं वरण खाल्लं की थोरला रात्रभर पाय आखडायचा. हे पुस्तकातलं नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आहारसखी | १२ एप्रिल, दुपारी २.१५

मी धुळ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मोठं होईल, पण लिहितेच.

बोरीकाठ, आधी "पातळ दूध" बाजूला ठेवू. आईचं दूध म्हशीच्या दुधासारखं दिसत नाही आणि दिसायलाही नको. सुरुवातीला येतं ते निळसर, पाणचट दिसतं, त्यानं तहान भागते. त्याच पाजण्यात स्तन रिकामा होत जातो तसं दुधातलं स्निग्ध वाढत जातं आणि बाळाचं पोट त्यानं भरतं. १०० मिलिलिटर दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात, मग आई बंगल्यातली असो की पालावरची. दूध आईच्या ताटातून थेट येत नाही, आईच्या शरीरातून येतं. ताटात कमी पडलं तर शरीर स्वतःच्या साठ्यातून देतं. फार मोठी उपासमार असेल तरच दुधाचं प्रमाण घटतं.

मग आईनं खायचं कशाला? पहिलं कारण ती स्वतः. पूर्ण अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध ओढतं. त्यासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी आणि जवळपास १७ ग्रॅम प्रथिनं जास्तीची सांगितली आहेत, पुढच्या सहा महिन्यांत ५२० कॅलरी. ६०० म्हणजे काय ते आपल्या भाषेत: ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि केळीबागवाल्यांचं एक केळं. झाले सहाशे. त्याला काजू-बदामाची थैली लागत नाही.

कॅल्शियमचं तर शरीर हिशेबच ठेवत नाही. आईला मिळालं नाही तर हाडांतून काढून दुधात घालतं. दूध सोडल्यावर हाडं बहुतांशी भरून येतात, पण तोवर कंबर कुणाची दुखते? लोहाचंही तसंच. आई कितीही पालक खावो, दुधातलं लोह वाढत नाही. बाळ पोटात असताना आणलेल्या साठ्यावर पहिले महिने चालतं. म्हणून बाळंतपणानंतर १८० दिवस ज्या लोहाच्या गोळ्या देतात त्या आईसाठी असतात. बोरीकाठ, तू घेतेस का? चहाबरोबर घेत असशील तर घेऊन न घेतल्यासारखंच. आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेव.

दुसरं कारण बाळाचं आहे, आणि ते नेमकं आहे. काही गोष्टी आईच्या खाण्यात कमी तर दुधातही कमी: ब-१२, ब-१, अ जीवनसत्त्व, आयोडीन. तू सांगितलेल्या ताटात ब-१२ फक्त त्या पेलाभर दुधातून आणि खिरीतून येतंय. दही-ताक बंद, अंडं नाही. हे मला खटकलं. ड जीवनसत्त्व दुधात मुळातच फार थोडं असतं, म्हणून बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब सांगतात. ते चालू आहेत ना?

आता डाळ. तापीमाय, तुमच्या डोळ्यांवर माझा अविश्वास नाही, पण वायू होतो तो आपल्या आतड्यात, डाळीचा कोंडा कुजून. तो रक्तात जाऊन दुधात उतरत नाही. तीन-चार महिन्यांपर्यंतची बाळं संध्याकाळी रडतात, पाय पोटाशी घेतात, आईनं वरण खाल्लं तरी आणि नुसती भाकर खाल्ली तरी. थोड्या बाळांना गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असते, त्यांच्या शीमध्ये रक्त किंवा आव दिसते. तेव्हा डॉक्टर आईचं दूध-दही बंद करतात. ती वेगळी गोष्ट आणि ती डॉक्टरांनी ठरवायची. ठेच्यातल्या लसणाचा वास दुधाला लागतो हे खरं आहे, पण त्यानं बाळं दूध सोडत नाहीत.

आणि जाता जाता, कुणी विचारत नाही म्हणून मीच विचारते. घरात मशेरी कोण लावतं? निकोटीन दुधात उतरतं आणि दूधही कमी करतं. केळ्याला बंदी आणि मशेरीला मोकळीक, अशी घरं मी दर आठवड्याला पाहते.

नवाबाबा_८९ | १२ एप्रिल, दुपारी ३.०२

एवढं कशाला? डबा आणलाच आहे तर रात्री एक बाटली द्या. आमच्या मुलाला दिली, टुणटुणीत झाला. नाव हवं असेल तर सांगतो.

आहारसखी | १२ एप्रिल, दुपारी ३.२०

नाव नको. बाळदुधाच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, इथे तरी पाळू. डब्याची खरंच गरज पडणारी बाळं असतात, त्यांच्या आयांना अपराधी वाटू देऊ नये हेही खरं. पण बाटली दिली की बाळ तेवढं कमी ओढतं, त्यामुळे दूध तेवढं कमी तयार होतं, आणि आठवड्याभरात "बघा, दूध कमीच होतं" म्हणायला सगळे मोकळे.

सातपुड्यातली_ताई | १२ एप्रिल, रात्री ९.४०

सगळे ताटावर बोललेत. ताई, मी तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि माझं मन त्या शेवटच्या ओळींवर अडकलं. "दुखतं खूप." "दहा मिनिटं या बाजूला, दहा त्या बाजूला." "रात्री चमचाभर पाणी, मग चार-पाच तास झोप."

मी धडगावकडे आरोग्याचं काम करते, बारा वर्षं झाली. आमच्याकडे डोंगरातल्या बाया येतात. एकेकीचं वजन ४० किलोच्या आत, घरी भगर नाहीतर ज्वारीची भाकर आणि चटणी, आणि तरी त्यातल्या कितीतरी जणींची बाळं पहिले सहा महिने कार्डावर सरळ वर चढतात. उलट शहरातून काजू-बदामाचे डबे घेऊन माहेरी आलेल्या मुलीचं बाळ अडकलेलं असतं. फरक बहुतेक वेळा बाळ अंगाला कसं लावलंय यात असतो.

दुखणं सगळ्यांनाच असतं हे खोटं. पहिले काही दिवस थोडं हुळहुळतं. दहाव्या आठवड्यात दुखतंय म्हणजे बाळ नुसतं बोंड चोखतंय. बोंडात दूध नसतं हो, ते मागे असतं. डाव्या बाजूला पाजायचं तर उजव्या हातावर बाळ घ्या, त्याचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटांनी कानांच्या मागे, मानेशी धरा, डोक्यावर दाब द्यायचा नाही. डाव्या हातानं स्तन खालून धरा, वडापाव खाताना दाबतो तसा, बाळाच्या ओठांना समांतर. मग थांबा. बाळ जांभई देतं एवढं तोंड उघडेपर्यंत थांबा. हनुवटी आधी टेकली पाहिजे आणि बोंडाखालचा काळा भाग जवळजवळ सगळा तोंडात गेला पाहिजे. नीट लागलं की गालाला खळी पडत नाही, चट-चट आवाज येत नाही, आणि "घट… घट" असं गिळताना ऐकू येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर याचे मराठी व्हिडिओ आहेत, आम्ही बायांना तेच दाखवतो.

घड्याळ फेकून द्या. एका बाजूचं दूध पूर्ण संपू द्या, बाळ आपण होऊन सोडेल, मग दुसरी. दहा मिनिटांत ओढून घेतलंत तर ते नुसतं पहिलं पाणचट दूध पिऊन राहतं.

आणि रात्र. दूध म्हणजे उपशाची विहीर, जेवढा उपसा तेवढे झरे. त्यातून दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. तुमची विहीर रोज पाच तास बंद ठेवली जाते आणि त्या वेळात बाळाचं इवलंसं पोट पाण्यानं भरलं जातं, ज्यात शून्य कॅलरी. आईच्या दुधात ८८ टक्के पाणीच असतं. आपल्या ४४ डिग्रीतसुद्धा सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी लागत नाही, फक्त जास्त वेळा पाजावं लागतं. घुटी, गुळाचं पाणी, मध काहीच नको. मध तर वर्षभर नकोच, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते. पाणी पाजायचं ते तुम्हाला! मोजून पाणी कसलं पिता या उन्हात?

दिवसात सहा तरी लंगोट चांगले ओले होतात का? काटा दोन्ही वेळा तोच होता का, कपडे काढून वजन केलं का? आमच्याकडे झबलं-टोपडं-दुपट्यात गुंडाळून वजन करतात, पुढच्या वेळी उघडं करतात, आणि पाव किलो "घटलं" म्हणून घर रडत बसतं. तरी तुमच्या आकड्यांत मला खरीच घसरण दिसते. या वयात दिवसाला २५-३० ग्रॅम भरायला हवेत, तुमचे १४ भरतायत. तेव्हा इथल्या सल्ल्यावर न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लघवीतला जंतुसंसर्ग वगैरे आधी बघून घ्यायला हवं.

ताटाचं म्हणाल तर आमच्या भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, डॉ. एपीजे अब्दुल कलामांच्या नावाची. गरोदर बाईला, आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला, अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं: भाकर, भात, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं. ते तिथेच बसून खायचं असा आग्रह का, हे मला आधी कळायचं नाही. मग एकदा पाहिलं, एक बाई अंड्याचा अर्धा तुकडा पदराच्या टोकाला बांधत होती. दारात तिचा तीन वर्षांचा पोरगा उभा होता. मी काही बोलले नाही. काय बोलणार?

फैजपूरची_लेक_पुण्यात | १३ एप्रिल, रात्री १२.२५

आहारसखीनं ब-१२ लिहिलं ते वाचून लॉगइन केलं, नाहीतर मी नुसती वाचक.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मला गरोदरपणापासून दूध नको व्हायचं, बाळंतपणात दही-ताक बंद. मुलगा मात्र गुटगुटीत, वजन एकदम झकास, कार्डावरचं टिंब नेहमी हिरव्यात. सगळे म्हणायचे, आईच्या अंगावरच पोसलाय हो. सातव्या महिन्यात तो हसेनासा झाला. आधी बसायचा, तो लवंडायला लागला. हाक मारली तर बघायचा नाही. केस भुरे, विरळ. बोटांच्या पेरांवर काळसर छटा आली होती, मी ती मळ समजून रोज बेसनानं चोळत होते. आठवून आजही कसंतरी होतं.

पहिल्या ठिकाणी "दात येतायत" असं सांगून परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पेरं बघितली आणि मला विचारलं, "तुम्ही दूध, अंडी काय खाता?" रक्त तपासलं. त्याचं ब-१२ अगदी तळाला, माझंही. दोघांना इंजेक्शनं सुरू झाली. चौथ्या दिवशी तो पंख्याकडे बघून हसला. पंख्याकडे! मी न्हाणीघरात जाऊन रडले. आता चार वर्षांचा आहे, डोकं खातो.

तेव्हा शाकाहारी मुलींनो, ब-१२ डाळीत नसतं, पालेभाजीत नसतं, तुपात नसतं. दूध, दही, ताक, पनीर यांत असतं, नाहीतर गोळी घ्यावी लागते. आणि नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नका, बाळ हसतं का, बघतं का तेही बघा.

तापीमाय | १३ एप्रिल, सकाळी ८.०५

वाचून जीव हलला गं. आमच्या भावकीत असं एक लेकरू होतं, त्याला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या होत्या.

केळीबागवाला | १३ एप्रिल, सकाळी ८.३१

बायकोला आजच ब-१२ तपासायला नेतो. पोर वर्षाचं आहे, अजून पितं.

गिरणामाई | १३ एप्रिल, दुपारी १२.५०

एक व्यावहारिक मुद्दा. घरात बोलायचं कसं? माझ्या वेळेला मी पुस्तकं दाखवून भांडले, काही झालं नाही. नंतर आशाताईंना घरी बोलावलं, चहा पाजला, आणि आईसमोर त्यांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं ते आईनं दोन मिनिटांत ऐकलं. आपल्या तोंडून आलं की ते "मोबाइलमधलं" असतं. शिवाय एकदम सगळं पथ्य मोडायचं नाही. मी मुगाच्या डाळीपासून सुरुवात केली, मूग बिचारा कुणालाच नकोसा नसतो. मुगावरून तूर, तुरीवरून उडदाचं घुटं. महिन्याभरात झणझणीत फौजदारी डाळीपर्यंत पोचले होते.

बोरीकाठ | २८ एप्रिल, दुपारी ४.१०

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला उशीर झाला.

१४ तारखेला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. लघवी तपासली, स्वच्छ. बाळ ठीक. त्यांनी मला समोर पाजायला लावलं आणि सातपुड्यातल्या ताईंनी लिहिलं होतं अगदी तेच निघालं, नुसतं बोंड. तिथल्या सिस्टरनी हात धरून शिकवलं. पहिल्या दिवशी लेक इतकी चिडली की दोघी घामाघूम. दुसऱ्या दिवशी तो "घट" आवाज आला. मला वाटलं उचकी लागली. दुखणं तीन-चार दिवसांत गेलं, भेगा भरल्या.

रात्रीचं पाणी बंद करणं सगळ्यात अवघड होतं. आई म्हणाली, "तुला झोप नको का? तुझ्यासाठीच तर करत होते." तिचे डोळे भरले, मग माझेही. आता बाळ माझ्याजवळ झोपतं. रात्री दोनदा-तीनदा उठते आणि आई सकाळी सहा ते आठ बाळाला घेते, तेव्हा मी मेल्यासारखी झोपते. हा तह टिकलाय.

माझं हिमोग्लोबिन ९.१ निघालं. गोळ्या होत्या, पण मी लोह, कॅल्शियम आणि चहा सगळं एकदमच संपवत होते, लवकर सुटका व्हावी म्हणून. आता कॅल्शियम जेवणाबरोबर, लोहाची रात्री. ब-१२ही काठावर आहे, डॉक्टरांनी गोळी दिली. अंडं अजून घरात आलेलं नाही, येईल असं वाटतही नाही. ताक आलं. डाळ आली, गिरणामाईंच्या मुगाच्या वाटेनं. आजी दोन दिवस बाळाच्या पोटावर हात ठेवून वारा धरतो का ते बघत बसली. काही झालं नाही तर म्हणते, ही डाळ चांगल्या शेतातली आहे!

आणि पाणी. मी दिवसाला चार पेले पाणी पीत होते, या उन्हात. आता बाजेशेजारी माठच ठेवलाय.

काल वजन केलं. त्याच काट्यावर, उघडं. ४.५६. अठरा दिवसांत ४६० ग्रॅम, भागाकार मी तीनदा केला. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं होतं ना आळीव खा." मी हो म्हटलं. डबा कपाटावरच आहे, बिल असेल तर दुकानदार परत घेतो का कुणास ठाऊक.

आता महत्त्वाचं. कळण्याची भाकर खायला परवानगी मिळालीय, पण घरातलं कळण्याचं पीठ संपलंय आणि आईचं प्रमाण अंदाजपंचे. कुणी नीट सांगेल का?

आहारसखी | २८ एप्रिल, सायंकाळी ५.०२

वा! आजचा दिवस सार्थकी लागला. कळणा उत्तम, ज्वारीला उडदाची जोड मिळाली की प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. एकच विचारते, आमच्याकडे दळणातच खडे मीठ टाकतात. तुमच्याकडेही तसंच का? खड्या मिठात बहुधा आयोडीन नसतं, आणि बाळाला ते तुमच्याच दुधातून मिळतं.

तापीमाय | २८ एप्रिल, सायंकाळी ६.१८

चार वाट्या ज्वारी, एक वाटी काळे उडीद सालासकट. दोन्ही उन्हात चांगले खडखडीत वाळव, सध्या एका दुपारीच वाळतील. आवडत असतील तर चमचाभर मेथ्या. दळण जरा सरबरीत ठेवायला सांग, फार बारीक नको. मीठ दळणात टाकू नकोस, पीठ मळताना पुडीतलं टाक, म्हणजे या बाईंचंही समाधान. थापताना भाकर चिरली तर गरम पाण्यानं मळ. ठेच्यात मिरची पहिल्यांदा एकच घाल हो, लेकरासाठी नाही, तुझ्यासाठी. दहा आठवडे बिनतिखट खाल्लंय तू.

बोरीकाठ | २९ एप्रिल, सकाळी ११.३५

वाळवलं, निवडलं, भाऊ डबा घेऊन गिरणीवर गेला होता, तसाच परत आला. गावात लाइट नाही. संध्याकाळी बघू.